काहीच घडत नाही, म्हणता

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तसं तुम्ही एकट्यानं विचारलेलं नाही. दिवाळी अंकात कथेखाली फोन नंबर छापतात, त्यामुळे लक्ष्मीपूजनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत माझा फोन वाजत असतो आणि बहुतेक जण फिरून फिरून तेच विचारतात: "कथा छान आहे हो, पण तिच्यात काही घडत का नाही?" परभणीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, कथा संपल्यावर त्यांनी पान उजेडात धरून बघितलं, पुढचं पान चिकटून राहिलंय की काय म्हणून. मी हसलो. ते हसले नव्हते.

माझं उत्तर ठरलेलं असायचं. "घडतं, पण आत घडतं." वाचनालयांच्या कार्यक्रमांत हे इतक्यांदा म्हणून झालंय की आता तोंडातून बाहेर पडतानाच शिळं लागतं. त्याला जोडून मी काझुओ इशिगुरो या इंग्रजी कादंबरीकाराचा बटलर, म्हणजे बड्या घरातला मुख्य नोकर, काढायचो. 'द रिमेन्स ऑफ द डे', १९८९ ची ती कादंबरी. बटलरचे वडील वरच्या खोलीत शेवटच्या घटका मोजतायत आणि हा खाली पाहुण्यांच्या पेल्यात पोर्ट ओततोय. मालक विचारतो, रडतोयस की काय? हा म्हणतो, दिवसभराचा शीण आहे. इतकंच. वाचणाऱ्याला मात्र गलबलून येतं. "आता सांगा," मी म्हणायचो, "काय घडलं?" समोरचे लोक गप्प व्हायचे आणि मला वाटायचं, पटलं.

पटलं नसणार. त्यांना चहा घ्यायचा असेल.

कारण उदाहरण मी अर्धंच सांगत होतो. त्या कादंबरीत बाप मरतो, मालक नाझींच्या नादी लागतो, घरातल्या दोन मोलकरणी ज्यू आहेत म्हणून कामावरून काढल्या जातात आणि बटलर ते निमूट पार पाडतो. कमी काय घडतं? गप्प आहे तो बटलर. लेखक गप्प नाही, त्यानं त्या गप्प बसण्याचा पंचनामा केलाय. माझ्या कथांत पंचनामा कुणाचा असतो, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बहुतेक खिडकीकडे बघितलं असतं. माझी पात्रं तेच करतात. एकदा बसून मोजलं: माझ्या अकरा कथांमध्ये चहा गार होतो. सहा कथांत पाऊस नुकताच थांबलेला असतो. चार ठिकाणी तारेवर कावळा आहे, आणि एका ठिकाणी तो उडून जातो, म्हणजे तिथं घडलंच म्हणायचं.

तरी तुमचंही सगळं बरोबर नाही हं. टीव्हीवरच्या मालिकेत एका चापटीला तीन बाजूंनी कॅमेरा लागतो, ढोल वाजतात, आणि तुम्हाला तेच गोष्टीत हवं असेल तर ते मी देणार नाही. देताच येत नाही मला. आमच्या घरात कुणी वाक्य पूर्ण करत नसे. आई भाकरी थापता थापता थांबली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. अशा घरात वाढलेला माणूस लिहायला बसला तर तो थांबलेले हातच लिहिणार.

आता अक्काबद्दल, माझ्या थोरल्या बहिणीबद्दल. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझी 'दुपार' नावाची कथा तुमच्यातल्या काहींनी वाचली असेल. २०१४ च्या एका दिवाळी अंकात आली होती. लग्न झालेली मुलगी भर दुपारी पिशवी घेऊन माहेरी येते. वडील पेपर वाचत असतात, ते पेपर जरा खाली करतात. आई न बोलता एक ताट जास्तीचं मांडते. संपली. तिला बक्षीस मिळालं, परीक्षकांनी 'संयत' म्हटलं. तो शब्द मी कितीतरी दिवस जिभेवर घोळवत होतो.

त्या वर्षी भाऊबिजेला नेहमीप्रमाणे इचलकरंजीला अक्काकडे गेलो. तिच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. सकाळपासून खडखड चालू असते, त्यामुळे अक्काचा आवाज कायमचा चढलेला. दिवाळीत माग बंद होते, तरी ती तशीच मोठ्यानं बोलत होती. ओवाळलं, करंज्या झाल्या, आणि ताट उचलता उचलता म्हणाली, "वाचली तुझी गोष्ट."

मी वाट बघत राहिलो.

"का रे, घागर कुठं गेली?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातली करंजी परत ताटात ठेवली.

१९८७ चा मे महिना. आम्ही मिरजेत, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत राहायचो. दारोदार भोपळे वाळत टाकलेले, आणि दुपारी कुठूनतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. मी पंधरा वर्षांचा. अक्का पिशवी घेऊन आली, इथपर्यंत कथा खरी आहे. ती आत येऊन उभी राहिली. आण्णांनी पेपरवरची नजर न काढता विचारलं, "एकटीच आलीस?" ती काहीतरी सांगायला लागली. काय सांगत होती ते मला आज धड आठवत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त डाचतं. आण्णा म्हणाले, "राहा चार दिवस. मग पोचवू."

तशी अक्का स्वैपाकघरात गेली, पाण्यानं भरलेली तांब्याची घागर कडेवर घेऊन अंगणात आली आणि तिनं ती फरशीवर आपटली. सगळीकडे पाणी. मग ती ओरडली, "मी जिवंत आलेय, तेवढं तरी बघा!" गल्लीतली दारं उघडली. समोर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेखालची घोडी घासत बसलेला माणूस हातातली कानस तशीच धरून थांबला. आई धावली ती अक्काकडे नाही, दाराकडे, दार लावून घ्यायला. आण्णांनी पेपरचं पान उलटलं. तो पान उलटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

चार दिवसांनी अक्काला पोचवलं. आण्णांना वेळ नव्हता. एस.टी.त तिच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो होतो. तिच्या दारात पिशवी ठेवली, तिच्या सासूनं दिलेला चहा प्यालो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

'दुपार' या कथेत घागर नाही, आणि पंधरा वर्षांचा मुलगाही नाही. ताट मात्र आहे. ते ताट मी मनानं मांडलं. त्या दुपारी आमच्याकडे कुणी जेवलंच नव्हतं.

अक्कानं मुलाचं विचारलं नाही, फक्त घागरीचं विचारलं. मी तिला समजावायला लागलो. ओरडणं लिहिलं की ओरडण्याची धार जाते, वाचणाऱ्याला मोकळी जागा ठेवावी लागते, वगैरे. अमेरिकन लेखक हेमिंग्वेनं १९३२ मध्ये लिखाणाला हिमनगाचा दाखला दिला होता, आठवा भाग पाण्यावर आणि बाकीचा खाली; हेही बहुतेक सांगितलं असेन. त्यानं पुढं असंही लिहिलंय की माहीत नाही म्हणून गाळलेलं असेल तर लिखाणात पोकळी राहते. हे पुढचं मी सांगितलं नाही. माहीत असून लाज वाटते म्हणून गाळलेल्याचं काय, याबद्दल त्यानं काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

अक्का ऐकून घेऊन म्हणाली, "तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला गप केलं, आण्णांनी, आईनं. तू लहान होतास. आता मोठा होऊन तूही केलंस."

त्यानंतर दीड वर्ष मी काही लिहिलं नाही. लोकांना वाटलं, कादंबरी चाललीय.

त्या दीड वर्षात दलित कथाकार बाबुराव बागूल परत वाचले. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. विशी-बाविशीत वाचलं तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'आवाज फार चढा.' ती वही अजून आहे. बंडखोर लेखक राजा ढाले आणि मित्रांनी 'सत्यकथा' या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाचा अंक जाळला होता, त्यावरही तेव्हाचा मी फणकारलो होतो: वाङ्मय कुणी जाळतं का! तेव्हाच्या त्या मुलाशी माझं हल्ली वारंवार भांडण होतं. त्याला म्हणतो, अरे, हळू बोलूनही ज्याचं ऐकलं जातं त्यालाच हळू बोलणं परवडतं. तो म्हणतो, मग तू का नाही ओरडत? यावर माझ्याकडे उत्तर नाही. अक्काचा आवाज मी काढला तर तोही उसनाच की.

नंतर आयरिश लेखिका क्लेअर कीगनची २०२१ ची छोटी कादंबरी वाचली, 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', तीही आवाज न चढवणारी. १९८५ चा नाताळ, आयर्लंडमधलं न्यू रॉस गाव. एका कोळसेवाल्याला कॉन्व्हेंटच्या कोळशाच्या कोठीत कोंडलेली मुलगी सापडते. गावाला सगळं माहीत आहे, बोलत कुणी नाही. अशा कॉन्व्हेंटांत मुलींना कोंडून कपडे धुवायला लावायचे; असल्या धुलाईघरांतलं शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं, सरकारनं माफी मागितली २०१३ मध्ये. कादंबरीच्या शेवटी तो माणूस त्या मुलीला घेऊन भर गावातून आपल्या घराकडे चालत जातो. ते शेवटचं पान मला बसून वाचवेना. मी पिशवी घेऊन उलट्या दिशेनं गेलो होतो.

आता मला कुणी नॉर्वेचे लेखक योन फोसं यांचं नाव सांगतं. २०२३ चं नोबेल त्यांना मिळालं ते, जे बोलता येत नाही त्याला आवाज दिला म्हणून. मान्य. पण अक्काला बोलता येत होतं. ती बोललीही, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मी ते न बोललेलं करून ठेवलं.

तरी मी अजून तसाच लिहितो, हे कबूल करतो. हात तसाच वळतो. गेल्या दिवाळीची कथाही तुम्हाला पान उजेडात धरायला लावणारीच होती. आणि ती वाईट आहे असं मला वाटत नाही.

'दुपार' मात्र पुन्हा लिहायला घेतलीय. पाचवा खर्डा चालू आहे. 'घागर आपटली' असं लिहिलं की दोनच शब्द होतात, आणि ते लगेच संयत दिसायला लागतात. गेल्या आठवड्यात अक्काला फोन करून तेवढा भाग वाचून दाखवला. मागे माग चालू होते. ती म्हणाली, "मोठ्यानं वाच, ऐकू येईना." मोठ्यानं वाचलं. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

"एकदाच?" अक्का म्हणाली. "तीनदा आपटली होती मी. उचलून उचलून."

मला एकदाच आठवते. तसं म्हणालो तर ती रागावली आणि फोन ठेवला. आई गेल्यापासून ती घागर माझ्याकडे आहे, माळ्यावर. स्टूल घेऊन खाली काढली, पुसली, उजेडात फिरवून बघितली. तिला पोचे दोन आहेत.