चिखलकाल्याच्या आदल्या रात्री भरलेली बॅग

सात वर्षं निकॉनचा डी7100 कॅमेरा वापरला, शिगमो, दिवाडीचा बोंदेराम, चुलतभावाचं लग्न, सगळं त्याच्यावरच काढलं. पण मागच्या पावसात कपाटात पडलेल्या त्याच्या 18-140 झूम लेन्सला बुरशी धरली, टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे, आणि फोंड्याचा पाऊस म्हणजे बंद कपाटात चपलांनापण बुरशी येते हे माहीत असून मीच गाफील राहिलो. मग ठरवलं, आता लेन्स घ्यायचीच आहे तर फुल-फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची घेऊ. निकॉनचाच झेड5 कॅमेरा आणि 24-70 एफ/4 लेन्स घेतली, ईएमआयवर.

जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरने मात्र रडवलं. दुकानात सांगितलं होतं जुन्या लेन्स चालतील, चालतात पण कशा ते कोणी सांगत नाही. माझी लाडकी 50 एमएम एफ/1.8 डी, तिच्यात स्वतःची मोटर नाही, तिला डी7100 च्या बॉडीतली मोटर फिरवायची, आणि अडॅप्टरमध्ये ती मोटरच नाही, म्हणजे ऑटोफोकस गेलाच. 18-140 लहान सेन्सरसाठीची, ती लावली तर फोटोच्या कडा कापल्या जाऊन 24 चे साधारण 10 मेगापिक्सेल उरतात. त्यामुळे घेण्याआधी लेन्सवरची अक्षरं नीट वाचा, एएफ-एस असेल तर लेन्समध्येच मोटर असते, निर्धास्त राहा, डी असेल तर हाताने फोकस करायची तयारी ठेवा. मला ती सवय लागली, फोकस पीकिंग चालू केलं की कडा रंगीत दिसतात आणि फार छान जमतं.

आषाढी द्वादशीला माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलात लोळून खेळायचा उत्सव, म्हणून एकादशीच्या रात्री बॅग भरायला बसलो. सगळं जमिनीवर मांडलं आणि अर्धं परत कपाटात टाकलं. ट्रायपॉड नको, जुनी झूम नको. बॉडी 675 ग्रॅम, 24-70 अर्धा किलो, 50 ची छोटीशी, दोन बॅटऱ्या, दोन कार्डं दोन्ही स्लॉटमध्ये बॅकअपला, मायक्रोफायबरची तीन फडकी. आई म्हणाली तांदळाच्या डब्यात ठेव रे, मी म्हटलं आई तांदळाची पूड आत जाते, सिलिका जेलच ठेवतो. मग तिनेच तिच्या फरसाणाचा हवाबंद डबा रिकामा करून दिला, आता त्यात जेल आणि एक छोटा आर्द्रतेचा मीटर असतो, काटा 45 च्या आसपास राहतो.

माशेलला कारमधल्या एसीतून उतरलो आणि बॅग लगेच उघडली असती तर लेन्स वाफाळली असती, म्हणून पंधरा मिनिटं बंदच ठेवली. नंतर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड. पोरं चिखलात लोळत होती, एक गोळा थेट लेन्सच्या पुढच्या हुडवर बसला, काचेवर एक थेंबही नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्लाचं जुनं महादेवाचं देऊळ. झाडीमुळे दुपारीच अंधार, पाऊस थांबलेला, मंडपाच्या खांबावरचा घोड्याला तुडवणारा हत्ती मी त्याच जुन्या 50 ने, 1/15 सेकंदाच्या शटरला, हातात धरून काढला आणि सोंडेवरच्या रेघा स्पष्ट आल्या.