ताईंची दंडपट्टी

आज मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत पोरांची मापं घ्यायला गेले. पिशवीत हात घातला नि ताईंची दंडपट्टी हाती आली, पोरांच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची. लाल, पिवळी, हिरवी; कडा झिजलेल्या. मागे त्यांच्याच अक्षरात, ‘११.५ च्या खाली, लगेच दवाखाना.’

ताईंना जाऊन आठ महिने झाले. पोराला रडू फुटायच्या आत त्यांचं माप झालेलं असायचं. मग आईकडे वळून, "नुसतं डाळीचं पाणी नको गं, घट्ट डाळ दे. भाकरी कुस्कर, वर चमचाभर तेल." किती उंबऱ्यांवर सांगितलं असेल हे त्यांनी!

आज एकाचा दंड १२.८ सेंटिमीटर भरला, हिरव्यात. गेल्या पावसाळ्यात तो लालमध्ये होता. ताईंनीच साताऱ्याला नेऊन भरती केलेला. त्याची आई पट्टीकडे बघत म्हणाली, "ताईंचीच न्हवं ही?"

मला बोलताच येईना.