एडफूचा टांगा आणि पन्नासची नोट

इजिप्तमधला लक्झर ते आस्वान हा नाईलकाठचा पट्टा क्रूझ न घेता, आपला आपण करायचा असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. "रेल्वे आहे, काही अवघड नाही" असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. रेल्वे आहे हे खरं. पण एडफूचं स्टेशन नदीच्या पूर्वेला आणि देऊळ पश्चिमेला, मध्ये अख्खी नाईल, हे एकाही शहाण्याने सांगितलं नाही.

मी आणि मेहुणा भर दुपारी उतरलो. ती पहिली चूक. स्टेशनबाहेरच्या पिकअपने पुलापलीकडे सोडलं आणि तिथे आम्ही टांगा केला. ही दुसरी. पुलापलीकडून देऊळ चालत जाण्याजोगं आहे, हे टांगा देवळापाशी थांबला तेव्हा कळलं. ठरले होते दीडशे इजिप्शियन पाउंड: दोघांचे मिळून, जाऊन-येऊन, थांबण्यासकट. तीनदा वदवून घेतलं होतं. परत आणून सोडल्यावर गडी म्हणतो, दीडशे माणशी, आणि तेही फक्त जाण्याचे. शिवाय घोड्याच्या चाऱ्याचे वेगळे. घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यामुळे चाऱ्याचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, पण तो आत्ता कशाला? पंधरा मिनिटं हुज्जत. शेवटी दीडशेवर आला. मी दोनशेची नोट दिली, त्याने पन्नास परत केले, छातीवर हात ठेवून हसला. म्हटलं, जिंकलो.

रात्री आस्वानला पाण्याची बाटली घेताना दुकानदाराने ती नोट उलटून दाखवली. पन्नास पाउंड नव्हे, पन्नास पियास्त्र. म्हणजे अर्धा पाउंड!

तेव्हा हे पाठ करा. पन्नास पाउंडाच्या नोटेवर मागे एडफूचंच देऊळ आहे. पन्नास पियास्त्रवर फॅरो दुसऱ्या रामसेसचा चेहरा. ज्या देवळापायी भांडलो ते नोटेवर दिसत नसेल तर फसलात. अरबी आकडेही लक्षात ठेवा, कारण आपल्या माणसाची हमखास गल्लत होते: त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. रेल्वेच्या डब्यावरही हेच आकडे असतात. दोन आणि तीन मात्र जवळपास आपलेच.

देऊळ? अप्रतिम. इ.स.पू. 237 ला सुरू होऊन 57 ला पुरं झालेलं, ससाण्याच्या रूपातल्या होरस देवाचं. शतकानुशतकं वाळूत बुडालं होतं, छतावर लोकांची घरं होती, म्हणून इतकं धड राहिलं. दारातला ग्रॅनाइटचा ससाणा बघून टांगेवाला तासभर विसरलो. सकाळी पहिल्या गाडीने या, पुलापासून पायी जा, सुट्टे पैसे घरून निघतानाच मोजून ठेवा.

लक्झरचे तीन दिवस मस्त गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नाईलच्या पश्चिम किनाऱ्यावर सार्वजनिक फेरीबोटीनेच जा. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तुतनखामुनच्या थडग्याचं तिकीट वेगळं, आणि माझ्या मते नका काढू. लहानशी खोली, खजिना कैरोत. तिकीट खिडक्यांवर बहुतेक ठिकाणी कार्डच चालतं, रोख घेत नाहीत. दोन कार्डं जवळ हवीतच.

आस्वानजवळच्या फिलेच्या देवळासाठी शेल्लालच्या धक्क्यावर देवळाचं तिकीट वेगळं आणि होडीचं भाडं वेगळं. देऊळच मुळी बेटावर आहे, त्यामुळे होडीवाल्याला घाई नसते. आम्ही एका चौकोनी कुटुंबाबरोबर होडी वाटून घेतली आणि पैसे परत किनाऱ्याला लागल्यावरच दिले. आधी देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

अबू सिंबेलची देवळं आस्वानपासून रस्त्याने साडेतीन तास, पहाटे चारला निघावं लागतं. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. आम्ही परतल्यावर कोम ओम्बोचं देऊळ ठेवलं होतं. तिथल्या मगरींच्या ममीसमोर बाकावर बसून मेहुणा चक्क घोरत होता.