शेंगा बघ की

गेल्या आषाढात बेळगावकडच्या जांबोटी रस्त्याला एका झाडाच्या पानांचा फोटो काढला. पाऊस असा, की छत्री धरावी का मोबाईल! आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखून नोंदवायच्या अ‍ॅपवर टाकला तर त्यानं पहिलंच नाव सुचवलं, 'होलॅऱ्हेना प्युबेसेन्स', म्हणजे आपला पांढरा कुडा. मी लगेच होय म्हटलं. चार दिवसांत कुणीतरी दुजोरा दिला आणि नोंद 'संशोधन दर्जाची' झाली.

मार्गशीर्षात सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, घेऊन कणकुंबीला माउली देवीच्या दर्शनाला निघाले होते. त्याच झाडापाशी गाडी थांबवली.

"आत्या, हा बघा पांढरा कुडा."

"कुडा खरा, पण काळा गं हा. शेंगा बघ की."

लांब, बारीक शेंगा जोडीजोडीनं लोंबत होत्या, आणि प्रत्येक जोडीची टोकं खाली एकमेकींना चिकटलेली, चिमट्यासारखी. पांढऱ्याच्या शेंगाही जोडीनंच येतात, पण टोकं सुटी. पानं दोघांची समोरासमोर, चीक दोघांना. नुसत्या पानावरून मीही चुकले आणि अ‍ॅपही. आव पडली की साल उगाळून देतात ती पांढऱ्याची. आत्यांच्या माहेरी हा फरक पोराटोरांनाही ठाऊक.

त्या रात्री झोप लागली नाही. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद पक्की धरतात. मग ती जीबिफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाऊ शकते, तिथून अभ्यासक घेतात. शिवाय यंत्र शिकतं ते आपण नावं दिलेल्या फोटोंवरूनच. माझी चूक उद्या ते दुसऱ्याला शिकवणार! सकाळी उठून शेंगांचे फोटो चढवले, नाव बदललं, दुजोरा देणाऱ्यालाही कळवलं. त्यानं बदललं.

आता वर्गातल्या मुलांना सांगते, एका झाडाचे निदान पाच फोटो हवेत: अख्खं झाड, पान दोन्ही बाजूंनी, साल, फूल नाहीतर शेंग. आणि अ‍ॅपला विचारायच्या आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मराठी, कन्नड, कोकणी, जे नाव सांगतील ते शेऱ्यात लिहा. नरक्या नावाचं झाड दिसलं तर मात्र ठिकाण लपवायचं. त्याच्यापासून कॅन्सरच्या औषधाचं द्रव्य मिळतं, म्हणून चोरून तोड होते.

काळ्या कुड्याच्या फुलांचा फोटो अजून राहिलाय. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध बारीक झालर असते. "वैशाखात जाऊया, विसरू नको," असं आत्यांनी आत्तापासूनच बजावून ठेवलंय.