पाकोळ्या ऐकताना

भंडारदऱ्याला तंबू ठोकून झाला की मी शेकोटीपासून लांब, पाण्याच्या कडेला जाऊन बसते. हातात बॅट डिटेक्टर. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं; पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, त्याच्या कितीतरी वर ओरडतात. हे यंत्र तो आवाज आपल्या कानांपर्यंत खाली आणतं. काटा 45 च्या आसपास ठेवला की टक्, टक् सुरू. किडा टप्प्यात आला की टकटक घाईला येते आणि शेवटी एकदम फर्रर्र! म्हणजे झडप घातली. एवढ्यासाठी मी रात्रभर जागेन. मोठी फळखाऊ वटवाघळं डोक्यावरून गेली तरी यंत्र गप्पच. ती डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात. एक कळकळीची विनंती, पाकोळ्यांच्या गुहेत शिरू नका. माद्या बिथरल्या की पिल्लं खाली पडतात.