देव कोणत्या संघाच्या बाजूने असतो?

उपासना संपून मंडळी घरी निघाली की मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. एखादा मोठा अंतिम सामना जवळ आला की हात मिळवताना कोणीतरी हळूच म्हणते, ‘पास्टर, आपल्या संघासाठी प्रार्थना करताय ना?’ सामना हरल्यानंतरच्या रविवारी तोच प्रश्न जरा कडवट होऊन येतो: ‘देव खेळात लक्ष घालतो की नाही?’ विचारणारे हसत असतात, पण उत्तरासाठी थांबतातही. दारात उभ्या उभ्या जेवढे बोलता येते त्यापेक्षा थोडे मोठे उत्तर या प्रश्नाला हवे आहे, म्हणून तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर येथे लिहितो आहे.

देव खेळाडूंमध्ये लक्ष घालतो यावर माझा विश्वास आहे; तो निकालात लक्ष घालतो असे मला वाटत नाही, आणि त्याने घालावे अशी माझी इच्छाही नाही. खेळाला खेळपण येते ते निकाल खरोखरच मोकळा असतो म्हणून. शेवटच्या षटकात काय होईल हे गोलंदाजाला, फलंदाजाला आणि पाहणाऱ्याला सारखेच अज्ञात असते, आणि त्या अज्ञातासाठीच आपण दिवसभर पडद्यासमोर बसून राहतो. मैदानाबाहेरच्या कोणी निकाल आधीच ठरवला असेल तर त्याला आपण मॅच फिक्सिंग म्हणतो, चौकशी लावतो आणि दोषींवर बंदी घालतो. मग सट्टेबाजाने केले तर गुन्हा ठरणारे काम आपण देवाकडे हात जोडून मागतो, ते कसे? प्रतिस्पर्धी संघाच्या मुलांनीही वर्षानुवर्षे पहाटे उठून सराव केलेला असतो, हे त्याला ठाऊक नसते असे आपण समजतो की काय?

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, या बाबतीत आपल्यापेक्षा बरेच कोरडे आहे. त्यातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की धाव वेगवानाचीच ठरते आणि लढाई बलवानाचीच ठरते असे नाही. वेळ आणि योग सर्वांनाच गाठतात. योगालाही जगात जागा आहे असे मानणारे हे वाक्य श्रद्धेच्या ग्रंथात आहे, याचा मला नेहमी आधार वाटतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वचन वेगळे समजावून सांगावे लागू नये.

येशूचा प्रेषित पौल तर खेळाच्या भाषेत सहज बोलतो. करिंथ शहरात तो दीड वर्ष राहिला होता, आणि शहरापासून थोड्याच अंतरावर दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत. तेथील विजेत्याच्या डोक्यावर पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या सेलरीच्या पानांचा मुकुट घालत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल त्याच मुकुटाकडे बोट दाखवून तो नाशवंत असल्याचे सांगतो, आणि वाऱ्यावर ठोसे मारणाऱ्या मुष्टियोद्ध्याची थोडी थट्टाही करतो. खेळाडूकडून तो काय उचलतो हे पाहण्यासारखे आहे: सराव, संयम, शरीराला लावलेले वळण. जिंकलेला धावपटू देवाचा लाडका होता असे तो कोठेही सुचवत नाही, आणि तसे सुचवायची संधी त्याच्यासमोर आयती होती.

यावर मंडळीतले शास्त्र नीट वाचणारे लोक मला कर्मेल डोंगराची आठवण करून देतात, आणि तो आक्षेप भक्कम आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एका बाजूला देवाचा एकटा संदेष्टा एलीया, दुसऱ्या बाजूला बआल या दैवताचे 450 संदेष्टे, बळीसाठी दोन गोऱ्हे आणि एकच अट: जो अग्नीने उत्तर देईल तो देव. प्रेक्षक आहेत, नियम आहेत, आणि प्रतिस्पर्ध्यांना एलीया जसे डिवचतो ते आजच्या एखाद्या यष्टिरक्षकाला शोभून दिसेल. शेवटी देव निकाल लावतोही. पण तेथे पणाला लागली होती ती एका राष्ट्राची उपासना, चषक नव्हे. शिवाय लोक अठरावा अध्याय वाचून पुस्तक मिटतात. एकोणिसाव्यात हाच विजेता रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो आहे, आणि देव त्याला दुसरा विजय देत नाही, रागेही भरत नाही. झोपू देतो, भाकर देतो, पाणी देतो. खेळाडूंमध्ये वावरणाऱ्या पाळकाला अठराव्या अध्यायापेक्षा हा एकोणिसावाच अधिक वेळा उघडावा लागतो.

दावीद या पोराने गल्याथ या बलाढ्य योद्ध्याला हरवल्याच्या गोष्टीचे नाव समालोचक इतक्यांदा घेतात की त्यावर मी बोलणे सोडून दिले आहे.

17 जुलै 1994 रोजी पॅसाडिना येथे ब्राझील आणि इटली यांच्यात फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जादा वेळ धरूनही गोल झाला नाही आणि पेनल्टींवर ब्राझील 3-2 असा जिंकला. बाद फेरीत पाच गोल करून इटलीला तेथवर आणणाऱ्या रॉबर्टो बाज्जोची शेवटची किक गोलपट्टीवरून गेली, आणि ब्राझीलचा गोलरक्षक ताफारेल गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात आकाशाकडे उंचावून. बाज्जो कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा होता. ताफारेल ख्रिस्ती होता आणि बाज्जो बौद्ध, त्यामुळे त्या क्षणाच्या छायाचित्रातून धर्मांचा निकाल वाचण्याचा मोह अनेकांना होतो. मला ताफारेलचे गुडघे आवडतात. आनंदाच्या भरात माणसाने आभार मानावेत, आणि ज्याच्यापासून सारे मिळाले असे तो मानतो त्याचेच मानावेत. परंतु आभार आणि दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘देवा, मला येथवर आणलेस’ हे आभार झाले. ‘देवाने तो चेंडू वर उडवला’ हा दावा झाला, आणि तो केला की समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाविषयी देवाचे काय म्हणणे होते हेही सांगावे लागते. ते सांगायची माझी तयारी नाही. 120 मिनिटे उन्हात धावलेल्या पायाने किक चुकली, एवढे मला पुरेसे वाटते.

मग हा दावा आपल्या मनात इतका घट्ट का बसला आहे? माझ्या मते उपदेशांपेक्षा चित्रपटांनी तो अधिक बसवला आहे. खेळावरचे चित्रपट मी आवडीने पाहतो, आणि त्यांची एक रीत आता पाठ झाली आहे: नायक डोळे मिटतो, ओठ हलतात, आणि पुढच्या दृश्यात चेंडू जाळ्यात. संकलकाने दोन दृश्ये शेजारी ठेवली की कार्यकारणभाव आपोआप तयार होतो; कोणाला एक शब्दही बोलावा लागत नाही. हरलेल्या संघातही कोणीतरी डोळे मिटलेले असतात, पण कॅमेरा तिकडे वळत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण एका खरोखर चांगल्या चित्रपटात सापडते. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूवर आणि त्याचा सहकारी हॅरल्ड एब्रहम्स याच्यावर बेतलेल्या ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ला 1981 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, रविवारी धावायचे नाही असे लिडेलचे व्रत होते, आणि त्याने ती शर्यत सोडली. चित्रपटात ही बातमी त्याला पॅरिसला जाण्यासाठी जहाजावर चढताना कळते. प्रत्यक्षात वेळापत्रक काही महिने आधीच त्याच्या हाती होते, आणि ते महिने त्याने 400 मीटरच्या सरावात घालवले. जहाजावरचा धक्का नाट्यमय आहे हे खरे, पण त्यापायी खऱ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग गेला. ज्या शर्यतीत पदकाची आशा होती ती सोडून, ज्या शर्यतीत फारशी नव्हती तिच्यासाठी हा माणूस महिनोन्‌महिने घाम गाळत होता. त्याने 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले, आणि प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तो एक हिशेब मनात घेऊन: देवाचा दिवस पाळला, देवाने पदक दिले.

हा हिशेब पुढे चालवून पाहा. दुसऱ्याच वर्षी, 1925 मध्ये, लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेला. त्याचा जन्मही तेथलाच, त्यानत्सिनचा. युद्धाच्या काळात त्याने पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी नंतर जन्मली आणि तिला त्याने कधीच पाहिले नाही. 1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत ठेवले. तेथे 21 फेब्रुवारी 1945 रोजी, छावणी मुक्त होण्याच्या काही महिने आधी, मेंदूतील गाठीने तो गेला, वयाच्या 43 व्या वर्षी. पदक हे जर आज्ञापालनाचे बक्षीस असेल, तर हे काय होते? जो हिशेब 1924 मध्ये थांबवला तरच जुळतो, तो हिशेबच चुकीचा मांडला आहे असे मी मानतो.

छावणीतली एक हकिकत मला त्या सुवर्णपदकाहून मोठी वाटते. कोंडलेल्या मुलांसाठी लिडेल खेळ भरवत असे, मात्र रविवारी नाही. एका रविवारी मुलांनी आपली आपणच हॉकी सुरू केली आणि पंच नसल्यामुळे खेळाची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. ज्या व्रतासाठी त्याने ऑलिंपिकमधली शर्यत सोडली होती, ते त्याने भांडणाऱ्या मुलांसाठी बाजूला ठेवले. नियम कोणासाठी असतो हे त्याला जेवढे कळले होते तेवढे मला पाळक असूनही रोज कळत नाही. या दृश्याला त्या चित्रपटात जागा नाही. तो फार आधी संपतो.

लिडेलच्या पाठोपाठ मला जोनाथन एडवर्ड्स आठवतो. या ब्रिटिश तिहेरी उडीपटूनेही श्रद्धेपोटी रविवारी स्पर्धा टाळल्या आणि 1991 ची जागतिक स्पर्धा त्याच कारणाने सोडली. पुढे त्याने विचार बदलला. ऑगस्ट 1995 मध्ये गोथेनबर्ग येथे त्याने 18.29 मीटर उडी मारली आणि तो विश्वविक्रम तीन दशकांनंतरही टिकून आहे. 2000 मध्ये सिडनीच्या मैदानावर त्याच्या पिशवीत सार्डिन माशांचा एक डबा होता, थोड्याशा भाकरी-माशांत पाच हजारांना जेवू घालण्याच्या येशूच्या चमत्काराची आठवण म्हणून. त्या दिवशी त्याला सुवर्णपदक मिळाले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, 2007 मध्ये, त्याने आपली श्रद्धा उरली नसल्याचे जाहीर केले. काही विश्वासणारे त्याचे नाव आता घेत नाहीत, जणू त्याने फसवले. मला तो प्रामाणिक वाटतो, आणि त्याच्यावर रागवावे असे त्याने काही केलेले नाही. विजय श्रद्धेचा पुरावा असता, तर विश्वविक्रम आणि ऑलिंपिक सुवर्ण खिशात असलेल्या माणसाची श्रद्धा सर्वांत पक्की असायला हवी होती. आमच्यासारख्यांनी खेळाडूंना व्यासपीठावर उभे करून त्यांची पदके साक्ष म्हणून मिरवली, त्याचे ओझे त्यांच्यावर किती पडत असेल याचा विचार आम्ही क्वचितच करतो.

उलट टोकही आहेच. 22 जून 1986 रोजी अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना याने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला आणि त्यात थोडा देवाचा हात होता असे हसत सांगितले. पुढे अर्जेंटिनात चाहत्यांनी त्याच्या नावाने चर्चच स्थापन केले, आणि त्यांची कालगणना त्याच्या जन्मवर्षापासून, 1960 पासून, सुरू होते. हे बरेचसे विनोदाने चालते आणि मला त्याचा राग येत नाही. देवाचा हात म्हणून दाखवला गेलेला हात नियमबाह्य निघावा, हे मात्र या सगळ्या चर्चेत मला फार सोयीचे पडते.

मग प्रार्थना करायचीच नाही का? तसे मी म्हणत नाही. स्तोत्रकर्ते मनात येईल ते मागतात, आणि गेथशेमाने बागेत येशूनेही आधी आपल्याला हवे ते मागितले, मग पित्याच्या इच्छेवर सोडले. शेवटच्या षटकात माझेही ओठ हलतात. देवाला ते ऐकून हसू येत असावे, पण तो कान बंद करत असेल असे वाटत नाही.

मैदानावरची माझी आवडती प्रार्थना इंग्लंडमधली आहे. हेन्री फ्रान्सिस लाइट या पाळकाचे ‘अबाइड विथ मी’ हे गीत 1847 चे, त्याच्या अखेरच्या आजारपणातले. 1927 पासून फुटबॉलच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्याआधी ते गाण्याची प्रथा आहे, आणि दोन्ही संघांचे समर्थक ते मिळून गातात. त्यात विजय मागितलेला नाही. अंधार पडतो आहे, इतर आधार सुटत आहेत, तर सोबत राहा, एवढेच मागणे आहे. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांनी संध्याकाळी येशूकडे केले होते तेच. आणखी दोनेक तासांत त्या गाणाऱ्यांपैकी निम्मे हिरमुसले होऊन घरी जाणार असतात, आणि ते गीत त्यांच्याही कामाचे असते.

सामन्याआधी कोणी खेळाडू प्रार्थनेसाठी आला तर मी साधारण याच चालीवर जातो. त्याच्या गुडघ्यांसाठी आणि घोट्यांसाठी मागतो, निर्णय विरुद्ध गेला तर जीभ ताब्यात राहावी म्हणून मागतो, समोरच्या संघासाठीही मागतो, आणि पंचांसाठी तर आवर्जून, कारण त्यांच्यासाठी प्रार्थना करा असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. ‘आणि जिंकण्याचे काय?’ असे त्याने विचारलेच तर मी त्याला प्रशिक्षकांकडे पाठवतो. सराव कितपत झाला आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.