चष्मा पुसायची खोड

मला वाटलं नंबर वाढला. दुसरं काय वाटणार, चाळिशी उलटून गेलेली, दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं काम, आणि गेले दोनतीन महिने अंधार पडला की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याला चहूबाजूंनी केसरं फुटलेली दिसायची. स्क्रीनवरची अक्षरं पण अशी की मध्ये कुणीतरी बटर पेपर धरलाय. म्हटलं झालं, वाढला नंबर, जाऊन दाखवून येऊ.

तपासणाऱ्या मुलीने सगळं नेहमीचं केलं, हे दिसतंय का, आता बरं की मघाशी बरं (या प्रश्नाला मी आयुष्यात एकदाही खात्रीने उत्तर दिलेलं नाही, दोन्ही सारखंच दिसतं हो, पण तसं सांगितलं तर आपण नापास होऊ असं वाटत राहतं) आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, नंबर तोच आहे, पाव सुद्धा हललेला नाही." मग तिने माझा चष्मा मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांच्या चिमटीत उचलला, दिव्याखाली तिरका धरला आणि म्हणाली, "हे बघा."

बघितलं. बरोबर मधोमध, जिथून आपण बघतो तिथेच, बारीक बारीक गोल चरे, भांडं घासणीने घासल्यावर पडतात तसे. आणि कडेला त्याहून भारी प्रकार, आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा केसाएवढ्या भेगांचं जाळं. काचेवर एरवी दिव्याचं हिरवट प्रतिबिंब पडतं ना, ते जागोजागी तुटून पांढरं पडलेलं. मी हा चष्मा दोन वर्षं रोज नाकावर वागवत होते आणि मला यातलं काही म्हणजे काहीही दिसलं नव्हतं. रोज थोडंथोडं बिघडलं की डोळा तक्रारच करत नाही, सांभाळून घेतो बिचारा.

"पुसता कशाने?" ती म्हणाली. मी म्हटलं कापडाने. कुठल्या कापडाने हे तिने विचारलं नाही, पण तिची नजर माझ्या टीशर्टच्या खालच्या टोकाकडे गेली, आणि ते टोक त्या क्षणी माझ्या हातातच होतं.

घरी येऊन मग मी यावर बरंच वाचत बसले, आणि पहिली गोष्ट कळली ती ही की आपण जिला काच म्हणतो ती काच नसतेच. असते प्लास्टिकची. सगळ्यात साधं जे प्लास्टिक आहे त्याचं नाव सीआर-39, कोलंबिया रेझिन, 39 नंबरचं मिश्रण, 1940 च्या सुमारास बनलेलं आणि आधी बी-17 बॉम्बर विमानांच्या इंधनाच्या टाक्यांसाठी वापरलेलं, चष्म्यात ते 1947 पासून आलं. हलकं, पडलं तरी सहसा फुटत नाही, पण चरे मात्र खऱ्या काचेपेक्षा खूप लवकर पडतात. म्हणून त्यावर एक कडक थर देतात, दोनचार मायक्रॉनचा. आणि त्याच्यावर ते चकाकी घालवणारं कोटिंग, ज्याला सगळे एआर म्हणजे अँटी-रिफ्लेक्टिव्ह म्हणतात. सिलिका, झिर्कोनिया असल्या पदार्थांचे एकावर एक थर, निर्वात पेटीत बसवलेले, सगळे मिळून एक मायक्रॉनसुद्धा भरत नाहीत. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे मी टीशर्टच्या टोकाने दिवसातून दहा वेळा ज्याच्याशी कुस्ती खेळत होते ते केसाच्या सत्तराव्या भागाहूनही पातळ काहीतरी होतं, आणि तरी ते दोन वर्षं टिकलं याचं खरं तर कौतुक करायला हवं.

टीशर्ट मऊ असतो हो, पण त्यात अडकलेली धूळ मऊ नसते. धुळीत वाळूचे कण असतात, वाळू काचेपेक्षाही कडक, आणि आपण काय करतो तर तोंडाने हाऽऽ करून वाफ सोडतो आणि ते कण गोल गोल फिरवून काचेत व्यवस्थित घोटतो. टिश्यू पेपरचं तेच, शेवटी लाकडाचाच लगदा तो. माझ्या नवऱ्याला चष्मा नाही, पण मदत करायची हौस दांडगी, त्यामुळे माझा चष्मा मळका दिसला की तो न विचारता उचलून जे हाताला लागेल त्याने पुसून देतो, ओट्याचं फडकं असो की रुमाल. आणि पुसून झाल्यावर उजेडात धरून बघतो पण, जसं काही त्याला कळतंय.

पण सगळं त्याच्यावर ढकलून चालणार नाही. मायनस नंबरवाल्यांची चाळिशी जरा उलटी असते, इतरांना वाचताना चष्मा लावावा लागतो, आम्हाला वाचताना काढावा लागतो. फोन बघायचा, काढ. वर बघायचं, घाल. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं, काढ. दिवसातून पन्नास वेळा तरी होतं हे आणि दर वेळी तो कुठेतरी ठेवला जातो, घाईत पालथा, म्हणजे काचा टेबलावर आणि दांड्या वर, उताण्या पडलेल्या झुरळासारखा. चाळिशीच्या आधी माझा चष्मा सकाळी नाकावर चढायचा तो रात्रीच उतरायचा, तेव्हा चारचार वर्षं टिकायच्या काचा. आत्ता लक्षात येतंय का ते.

भेगांची भानगड वेगळी. त्या घासून पडत नाहीत, त्या उष्णतेने पडतात. खालचं प्लास्टिक तापलं की फुगतं, वरचा थर खनिजाचा, तो तेवढा फुगू शकत नाही, मग तो तडकतो. उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा, ओव्हनचं दार उघडून आत डोकावणं, केसांचा ड्रायर, आणि कढत पाण्याखाली धुणं. शेवटचं वाचून मी कपाळावर हात मारला, कारण मला वाटायचं मी फार स्वच्छतेची आहे, आठवड्यातून एकदा चष्म्याला छान गरम पाण्याची आंघोळ घालायचे. लहान बाळासारखी. म्हणजे चरे निष्काळजीपणाचे आणि भेगा काळजीच्या.

आता गंमत सांगते. चकाकी घालवणाऱ्या या थराची कल्पना निघाली तीच मुळी खराब झालेल्या काचेवरून. लॉर्ड रॅले नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते, त्यांना 1886 मध्ये दिसलं की हवेने डागाळलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा जास्त उजेड आरपार सोडते. डाग म्हणजे एक पातळ थरच झाला, आणि त्याने परत फिरणारा उजेड कमी झाला. पुढे 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलांनी मुद्दाम असा थर द्यायची पद्धत काढली, आणि ती जर्मनीने युद्धात लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली, दुर्बिणींसाठी. साध्या प्लास्टिकच्या काचेच्या दोन्ही बाजू मिळून साधारण 8 टक्के उजेड परत जातो, कोटिंगने तो एखाद्या टक्क्यावर येतो. तर ही एवढी मोठी परंपरा, आणि मी तिच्यावर टूथपेस्ट लावली.

हो, लावली. सगळीकडे लिहिलेलं असतं की टूथपेस्ट लावून हळूहळू चोळा, चरे जातात. कुणी खायचा सोडा सांगतं, कुणी गाडीचं पॉलिश. भाऊ म्हणाला, "ताई, माझ्या मोबाईलच्या स्क्रीनचे गेले होते." मग एका काचेच्या कोपऱ्यावर करून बघितलं. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खरखरीत पूड असते, ती कोटिंगला पण घासते, त्यामुळे जिथे तीन चरे होते तिथे पाच मिनिटांत एक सुंदर ढग तयार झाला. चरा म्हणजे खड्डा, आणि खड्डा घासून भरत नाही, आजूबाजूची जमीनच तेवढी खाली आणावी लागते, आणि भिंगाच्या बाबतीत ती जमीन म्हणजेच नंबर. एक जालीम उपाय पण वाचला, काचेवर नक्षी कोरायची क्रीम लावून प्लास्टिकवरचं सगळं कोटिंगच विरघळवून टाकायचं, म्हणजे निदान एकसारखं तरी दिसेल. पण त्या क्रीममध्ये फ्लोराइडची जी रसायनं असतात ती कातडीला आणि डोळ्याला भयानक, आणि डोळे वाचवायला घेतलेल्या वस्तूसाठी डोळेच पणाला लावायचे हे काही मला पटलं नाही.

थोडक्यात काचा बदलण्याला पर्याय नव्हता. वॉरंटी असेल असं वाटलं, कोटिंगवर बऱ्याचदा वर्षाची दोन वर्षांची असते पण, बिल शोधलं, मिळालं, तारीख बघितली आणि परत ठेवून दिलं.

आणि मग सुरू झालं स्वस्तात चष्मा शोधणं. दुकानात गेलं की आपल्याला एक आकडा सांगतात, आणि तो आकडा कशाचा किती हे काही कळत नाही. फ्रेम, काच आणि कोटिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात बसलं की अर्धी लढाई जिंकली. फ्रेमच्या बाबतीत तर नाकापेक्षा मोती जड ही म्हण शब्दशः लागू होते. बाहेर वेगवेगळी नावं झळकत असतात पण रे-बॅन आणि ओकली एकाच घरचे, लक्झॉटिका या कंपनीचे, प्राडा आणि शनेलचे चष्मे पण परवाना घेऊन तीच बनवते, आणि भिंगं बनवणारी एसिलॉर आणि ही लक्झॉटिका 2018 मध्ये एक होऊन एसिलॉरलक्झॉटिका झाल्या. म्हणजे आपण चार ब्रँडमध्ये तुलना करत उभे असतो आणि गल्ला एकच. हे कळल्यावर दांडीवरच्या नावाचं आकर्षण माझं तरी ओसरलं.

माझी जुनी फ्रेम धडधाकट होती, स्क्रू घट्ट, दांड्या सरळ, मग तिच्यातच नव्या काचा बसवून घ्यायचं ठरवलं. दुकानदार याला फार उत्साह दाखवत नाहीत, जुनी फ्रेम बसवताना तुटली तर आमची जबाबदारी नाही वगैरे, आणि त्यात तथ्य पण आहे, जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. माझी धातूची होती म्हणून मी हट्ट धरला.

मग काच. मागच्या वेळी मला 1.67 इंडेक्सची पातळ काच गळ्यात मारली होती (इंडेक्स म्हणजे काच उजेड किती वळवते त्याचा आकडा, तो जितका जास्त तितकी काच पातळ), पातळ म्हणजे भारी असं वाटून मी पण घेतली. माझा नंबर मायनस सव्वादोन. एवढ्याला साधी 1.5 ची काच पुरते, कडेला थोडी जाड दिसते, ती फ्रेम लहान घेतली की लपते. आणि ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती की काच जितकी जास्त इंडेक्सची, तितका तिच्यावरून उजेड जास्त परत फिरतो, साध्या काचेचे 8 टक्के तर 1.67 चे 12 च्या आसपास. म्हणजे पातळ काचेला चांगलं कोटिंग लागतंच लागतं, आणि ते खरवडलं गेलं की तीच जास्त त्रास देते. मोठा नंबर असेल तर पातळ घ्यावीच, सहा-सात नंबरच्या माणसाला मी हे सांगणार नाही. लहान मुलांना पॉलिकार्बोनेटच द्यावी, ती ठोसा सहन करते, चरे पटकन पडतात ते पडू देत.

ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी काच, मात्र सरळ नको म्हटलं. "मॅडम, तुमचं तर कॉम्प्युटरचं काम आहे!" असं तो विक्रेता इतक्या काकुळतीने म्हणाला की क्षणभर मीच विरघळले. पण कॉक्रन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा 2023 चा आढावा आहे, 17 अभ्यास तपासून केलेला, त्यात स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी बहुधा कमी होत नाही असंच निघालं, निदान थोड्या काळापुरतं तरी. वाचलेले पैसे बऱ्या एआर कोटिंगला लावले. तिथे मी कंजुषी करत नाही, रात्री गाडी चालवायची असते.

जोडीला एक अगदी स्वस्तातला ऑनलाइन मागवला, पडला-झडला तर असावा म्हणून. त्यासाठी दोन आकडे लागतात. एक पीडी, दोन बुबुळांमधलं अंतर, मोठ्या माणसांचं बहुतेक 54 ते 74 मिलिमीटरमध्ये कुठेतरी असतं. हा आकडा नंबरच्या कागदावर बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो, मागून घ्यावा लागतो, आणि मागितला की समोरच्याला कळतं तुम्ही बाहेरून चष्मा घेणार, मग चेहरा जरा पडतो. पडू दे. दुसरे आकडे जुन्या चष्म्याच्या दांडीच्या आतल्या बाजूलाच छापलेले असतात, 52, मग एक छोटा चौकोन, मग 18, मग 140, म्हणजे काचेची रुंदी, नाकावरचा पूल आणि दांडीची लांबी. इतकी वर्षं मी तो मॉडेल नंबर समजत होते. माझ्यासारख्या एकाच नंबरच्या साध्या चष्म्याला एवढं पुरतं. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर, असेल तर ऑनलाइनच्या फंदात पडू नये असं मला वाटतं, त्यात बुबुळ काचेच्या नक्की कुठल्या उंचीवर येतं ते फ्रेम नाकावर ठेवूनच मोजावं लागतं.

नव्या काचा आल्या आणि पहिल्या संध्याकाळी गाडीचे दिवे नुसते दिवे दिसले, केसरं गायब. आता साध्या गार पाण्याखाली आधी धूळ वाहून जाऊ देते, मग बोटाने भांड्याच्या साबणाचा एक थेंब, परत पाणी, आणि मग मायक्रोफायबरचं कापड, ते पण दर आठवड्याला धुतलेलं, कारण मळकं मायक्रोफायबर म्हणजे टीशर्टच. हात अजून सवयीने टीशर्टच्या टोकाकडे जातो, निम्म्या वाटेत थांबवते.

फ्रेममधून काढलेल्या जुन्या काचा मी मागून आणल्या होत्या, ढगासकट. त्या उगीचच खिडकीत ठेवल्या होत्या. काल नवऱ्याने पाहिल्या आणि सवयीने एक उचलली, मग एकदम थबकला, गेले महिनाभर त्याने इतकं ऐकलंय की आता तो माझ्या चष्म्याकडे बघताना पण हात मागे बांधून बघतो. म्हणाला, "ही पुसली तर चालेल का?"

म्हटलं, पूस. टीशर्टने पुसलीस तरी चालेल.